वजन कापले जाते, पण पुरते नाही

हौशी चालकांच्या ट्रॅक डेला जाऊन आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: सरळ पट्ट्यावर सुसाट पुढे गेलेली दीड टनाची सेदान दर वळणाला एका जुन्या, थोड्याफार बदल केलेल्या स्विफ्टच्या तावडीत सापडत होती. असे का? बारावीच्या पुस्तकातल्या सूत्रात तर गाडीचे वजन कुठेच नाही!

खरेच नाही. सपाट वळणावरचा कमाल वेग म्हणजे घर्षणांक, वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येते आणि कापले जाते. त्रिज्या ५० मीटर आणि घर्षणांक १ धरला तर उत्तर येते ताशी ८० किलोमीटर. नॅनोलाही तेच, ट्रकलाही तेच. (ट्रक त्याआधीच आडवा होईल, हा भाग वेगळा.)

गोम आहे ती घर्षणांक स्थिर मानण्यात. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँतों यांनी १६९९ मध्ये मांडला. लिओनार्दोच्या वह्यांत तो दोनशे वर्षे आधीच पडून होता. लाकूड आणि लोखंड यांनी तो बऱ्यापैकी पाळला. रबराने नाही.

रबराचा हा चुकारपणा ज्यांनी नेटाने अभ्यासला, त्यांत अ‍ॅडॉल्फ शालामाख यांचे नाव वर हवे. ब्रिटनमध्ये रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत ते काम करत. रबरावरचा भार वाढवला की घर्षणांक घसरतो, हे त्यांनी १९५२ च्या लेखात दाखवले. कारण भूमितीतले आहे. रबराचा गोलसर उंचवटा दाबताना भार आठपट केला, तरी खऱ्या स्पर्शाचे क्षेत्रफळ चौपटच होते. आणि घर्षण त्या क्षेत्रफळाला बांधलेले.

पुढे १९७१ मध्ये त्यांनी विचारले: रबर घसरते तरी कसे? जड सतरंजी ओढून हलत नाही, तेव्हा आपण एका टोकाला सुरकुती पाडतो, ती ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो आणि सतरंजी बोटभर सरकते. मऊ, गुळगुळीत रबर हेच करत होते! सुटण्याच्या लाटा एका कडेकडून दुसरीकडे धावत होत्या आणि लाटांमधले रबर जागच्या जागी चिकटलेले होते. खडबडीत डांबरावर टायरचा मामला याहून गुंतागुंतीचा असतो. तरीही मोटारस्पोर्टच्या गप्पांत इंजिनांची वंशावळ निघते आणि या गृहस्थांचे नाव निघत नाही, याची मला चुटपुट लागते.

आता वळणावर या. आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. बाहेरच्या टायरची पकड वाढते, पण आतल्याने जितकी गमावली तितकी नाही. बेरजेत तोटाच. गाडी जितकी जड आणि तिचा गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा तोटा मोठा. रुंद टायर तो काही अंशी भरून काढतात. घर्षणांक १ वरून ०.९ वर आला, तर मघाच्या ८० चे ७६ होतात, आणि ही वजाबाकी दर वळणाला होते.

हलक्या वजनाचा फायदा एका गाडीने रॅलीत दाखवून दिला. डिझायनर इसिगोनिस यांची १९५९ ची मिनी म्हणजे ८४८ सीसीचे इंजिन, सुमारे सहाशे किलो वजन आणि चार कोपऱ्यांत चार दहा इंची चाके. सुएझ संकटानंतर पेट्रोल वाचवायला जन्मलेली ही गाडी. रेसिंगच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांना तिच्यात वेगळेच काही दिसले. १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपर एस चालवून जिंकली; मागे पडलेल्यांत व्ही-८ इंजिनाची फोर्ड फाल्कनही होती. (गुणपद्धती छोट्या इंजिनांना झुकते माप देत होती, हेही सांगायला हवे.)

मग पैसे कशावर घालावेत? दणदणीत एक्झॉस्टने वाढतात ते मुख्यतः डेसिबल. मागचा स्पॉयलर ताशी ८० ला फोटोपुरता. आधी टायर, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर ही अट १५५ वर येते. पाइपात वाफ झाली, की पेडल थेट तळाला.

इंजिनाची ताकद वाढवली तर तिचा उपयोग वेग घेताना. वजन घटवले तर वेग घेताना, ब्रेक मारताना आणि वळताना, तिन्हीकडे. म्हणून ताकद वाढवणाऱ्या इंजिन रिमॅपचा खर्च करण्याआधी स्टेपनी आणि जॅक पिटमध्ये उतरवून ठेवा. त्याला काहीच खर्च येत नाही.