पत्त्यांची वही

मुलांनो, घर बदलताना कपाट, भांडी, पुस्तके असे सारे सामान आपण नव्या घरी नेतो. पण पत्त्यांची छोटी वही जुन्या घराच्या फडताळातच राहिली तर? मग परगावच्या मामूंना पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवणार? घरच्या संगणकावर ई-मेलचा प्रोग्राम बदलतानाही असेच होऊ शकते.

ई-मेल म्हणजे संगणकावरून पाठवलेले पत्र. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर असे पत्र प्रथम पाठवले. ही पत्रे वाचण्यासाठी व लिहिण्यासाठी संगणकात एक प्रोग्राम असतो. असे प्रोग्राम कायम टिकत नाहीत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील 'मेल' या प्रोग्रामची सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केली. तो वापरणाऱ्यांना दुसरा प्रोग्राम घ्यावा लागला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमची पत्रे बहुधा ई-मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर असतात. नव्या प्रोग्रामला तुमचा ई-मेल पत्ता व पासवर्ड दिला, की ती पुन्हा दिसू लागतात. पत्त्यांची वही मात्र पुष्कळदा घरच्या संगणकावर, जुन्या प्रोग्राममध्येच असते. म्हणून पत्रे दिसली म्हणजे पत्तेही आले, असे समजू नका. जुना प्रोग्राम घाईने काढून टाकू नका. आधी वहीची नक्कल करून घ्या.

ही नक्कल कशी करायची? जुन्या प्रोग्राममध्ये पत्त्यांची वही उघडा आणि 'एक्स्पोर्ट' ही सूचना शोधा. एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर पाठवणे. पत्ते कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये हवेत, असे संगणक विचारील. 'सीएसव्ही' हा प्रकार निवडा. या फाइलमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ असते. नाव, ई-मेल पत्ता, फोन नंबर असे तपशील त्या ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात. त्यामुळे बहुतेक प्रोग्रामना ती वाचता येते. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा.

तुमच्या वहीत काही नावे उर्दूत, काही मराठीत असतील. अशा वेळी फाइल 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवा. १९९२ साली केन थॉमसन व रॉब पाइक यांनी तयार केलेल्या या पद्धतीत जगातील बहुतेक लिप्यांची अक्षरे साठवता येतात. दुसरी पद्धत निवडली, तर 'सलमा खाला' या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटण्याची भीती असते. आणखी एक काळजी घ्या. ही फाइल हिशेबाच्या प्रोग्राममध्ये उघडून पुन्हा साठवू नका. तो प्रोग्राम फोन नंबरला साधी संख्या समजतो आणि सुरुवातीचे शून्य गाळून टाकतो. मग ०२२ चे २२ होते!

आता नव्या प्रोग्राममध्ये 'इंपोर्ट' म्हणजे आत घेणे, ही सूचना द्या आणि तीच फाइल निवडा. कोणता रकाना नावाचा, कोणता ई-मेलचा, असे तो विचारील. जोड्या नीट जुळवा. घाई केली, तर नावाच्या जागी फोन नंबर जाऊन बसेल.

शेवटी मोजणी करा. जुन्या वहीत १२० पत्ते असतील, तर नव्या वहीतही १२० च हवेत. चार-पाच नावे उघडून पाहा. एखाद्या नातेवाइकाला पत्र पाठवा. त्याचे उत्तर आले, की मगच जुना प्रोग्राम काढा.

त्या वहीत अब्बांच्या गिऱ्हाइकांचे, अम्मीच्या मैत्रिणींचे, दूरच्या चाचांचे पत्ते असतात. दुसऱ्यांचे पत्ते म्हणजे आपल्याजवळची अमानत होय. म्हणून ती फाइल कोणाच्याही हाती देऊ नका आणि शाळेच्या किंवा दुकानातील संगणकावर ठेवून येऊ नका. प्रोग्राम पुन्हा मिळतो. हरवलेला पत्ता मिळेलच असे नाही.

स्वाध्याय

१. पत्रे दिसली तरी पत्ते आले असे का समजू नये?
२. उर्दू व मराठी नावे नीट राहावीत म्हणून काय करावे?
३. जुना प्रोग्राम केव्हा काढावा?
४. 'अमानत' हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.