रिकाम्या जागा भरणारी फाइल

शाळेच्या कचेरीत दाखल्याचे छापील कोरे नमुने असतात. मजकूर तयार असतो. नाव, इयत्ता आणि तारीख यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या असतात. विद्यार्थी आला की लेखनिक त्या जागा भरतात आणि दाखला तयार होतो. प्रत्येकासाठी सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही.

संगणकालाही असा कोरा नमुना देता येतो. तो म्हणजे बॅच फाइल. एकामागून एक द्यायच्या आज्ञा या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायच्या. मग फाइलीचे नाव टंकले, की संगणक त्या आज्ञा ओळीने पाळतो. १९८१ साली आलेल्या डॉस प्रणालीत ही सोय होती आणि आजच्या विंडोजमध्येही ती आहे.

मग या नमुन्यातील रिकाम्या जागा कोणत्या? त्या %१, %२ अशा %९ पर्यंत लिहितात. फाइलीच्या नावापुढे आपण जे शब्द टंकतो, त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. पहिला शब्द %१ च्या जागी जातो, दुसरा %२ च्या. %० मध्ये खुद्द फाइलीचे नाव असते. (येथे आज्ञा नागरीत दिल्या आहेत, यंत्रावर आज्ञा, विस्तारनाम आणि अंक रोमन लिपीतच टंकावेत.)

समजा, 'पुसा' नावाच्या बॅच फाइलीत एकच ओळ आहे :

डेल %१\*.टीएक्सटी

'डेल' म्हणजे पुसून टाक. आपण 'पुसा कच्चे' असे टंकले, की ओळ 'डेल कच्चे\*.टीएक्सटी' अशी होते आणि 'कच्चे' या फोल्डरमधील मजकुराच्या सर्व फाइली पुसल्या जातात.

यंत्राला अर्थ कळत नाही

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. लेखनिकांना नाव कळले नाही, तर ते दाखला बाजूला ठेवून आपल्याला विचारतात. संगणक विचारत नाही. तो %१ हे चिन्ह काढून तेथे आपला शब्द बसवतो आणि जी ओळ तयार होईल ती पाळतो. शब्द दिलाच नाही, तर तेथे काहीच बसवत नाही!

आता नुसते 'पुसा' एवढेच टंकले तर? ओळ अशी होईल :

डेल \*.टीएक्सटी

सुरुवातीच्या तिरप्या रेघेचा अर्थ आहे 'या ड्राइव्हचे मूळ फोल्डर'. आपण पेनड्राइव्हवर काम करीत असू, तर त्याच्या अगदी बाहेरच्या फोल्डरमधील मजकुराच्या फाइली नाहीशा होतील. 'डेल'ने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही.

दुसरा धोका मोकळ्या जागेचा. 'पुसा जुने निबंध' असे टंकले, तर आपल्या मनात एकच फोल्डर असते. पण संगणक मोकळी जागा दिसताच शब्द तोडतो. %१ मध्ये 'जुने' जाते आणि %२ मध्ये 'निबंध'. 'जुने' नावाचे वेगळे फोल्डर असलेच, तर त्यातल्या फाइली पुसल्या जातील! म्हणून असे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे : "जुने निबंध". स्वल्पविराम, अर्धविराम आणि बरोबरचे चिन्ह यांनीही शब्द तुटतात.

आधी तपासा, मग करा

यावर उपाय सोपा आहे. पुसण्यापूर्वी जागा नीट भरली आहे ना, हे फाइलीलाच पाहू द्यावे :

@एको ऑफ
इफ "%~१"=="" गोटू मदत
इफ नॉट "%~२"=="" गोटू मदत
डेल "%~१\*.टीएक्सटी"
गोटू शेवट
:मदत
एको एकाच फोल्डरचे नाव द्या.
:शेवट

'%~१' म्हणजे पहिला शब्द, पण त्याभोवतीची अवतरणचिन्हे काढून. (ही सोय जुन्या डॉसमध्ये नव्हती.) दुसरी ओळ विचारते, 'पहिली जागा रिकामी आहे का?' तिसरी विचारते, 'दुसरा शब्दही आला आहे का?' म्हणजे अवतरणचिन्हे राहून गेली असतील तर तेही पकडले जाते. दोहोंपैकी काहीही घडले, तरी काम 'मदत' या खुणेकडे वळते आणि एकही फाइल पुसली जात नाही.

नऊपेक्षा जास्त शब्द असले तर? %१० लिहून चालत नाही. संगणक ते '%१ आणि पुढे शून्य' असे वाचतो. त्यासाठी 'शिफ्ट' ही आज्ञा आहे. ती दिली की रांग एक पाऊल पुढे सरकते : दुसरा शब्द %१ मध्ये येतो, दहावा %९ मध्ये.

करून पाहा

एका फाइलीत पुढील ओळ लिहा : एको पहिला [%१] दुसरा [%२]

ती आधी काहीही न देता चालवा. मग दोन शब्द देऊन, मग तेच शब्द अवतरणचिन्हांत घालून चालवा. दर वेळी कंसांत काय येते ते वहीत टिपून ठेवा. 'एको' केवळ पडद्यावर लिहिते, त्यामुळे यात काही बिघडण्याची भीती नाही. पुसणारी फाइल लिहितानाही प्रथम 'डेल'च्या आधी 'एको' घालून तयार झालेली ओळ डोळ्यांनी वाचावी. ती बरोबर दिसली, तरच 'एको' काढावे.