दशांशाचा हिशेब

पुण्याहून भिगवणला मोटारी येतात त्या उजनीच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित पाहायला. हिवाळ्यातच या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या फडाशेजारी पडलेल्या असतात. त्यांत गरोदर बाया असतात, ओल्या बाळंतिणीही असतात. पौषातल्या पहाटे कमी वजनाचं बाळ थंड पडलं, दूध ओढेना झालं, की पहिली गाठ पडते ती जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरशी. पुढे बारामती आहे, त्यापुढे पुणे. पण पहिला अर्धा तास तिचाच.

त्या अर्ध्या तासात तिला काय यायला हवं? आधी हात. बाळाचे तळवे गार आणि पोट गरम असेल तर थंडी बाधायला लागली आहे. पोटही गार लागलं तर बाळ धोक्यात आहे. मग डोळा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचे. आणि मग गणित. जंतुसंसर्गावर टोचायच्या जेंटामायसिनची सर्रास मिळणारी अँप्यूल २ मिलीची, तिच्यात औषध ८० मिलिग्रॅम. १.८ किलोच्या बाळाला किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर ९ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.२२ मिली. पाच मिलीच्या सिरिंजवर हा आकडा धड वाचताही येत नाही. एक मिलीची घ्यावी लागते. मोठ्या माणसांच्या वॉर्डातल्या सवयीने अख्खी अँप्यूल गेली तर डोस जवळजवळ नऊपट, आणि हे औषध मूत्रपिंड नि कान दोन्ही बिघडवू शकतं.

म्हणूनच हे काम डॉक्टरांशिवाय कुणी करू नये, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांना गडचिरोली दाखवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने न्यूमोनियाच्या कामात आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं साधन बनवलं: वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला की आजार धरायचा. पुढे ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळांची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखून हेच जेंटामायसिन टोचायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने हे १९९९ साली छापलं. गावातल्या बाईला जमलं ते नोंदणीकृत परिचारिकेला जमणार नाही, हे मला तरी पटत नाही. गडचिरोलीत शिकवणं होतं तसा विश्वासही होता, आणि पाठीशी कडक देखरेख होती. आपल्याकडे बहुतेक वेळा प्रमाणपत्र देऊन मोकळं होतात.

प्रशिक्षणं नाहीत असं नाही. जन्मताच न रडणाऱ्या बाळासाठी २००९ पासून ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा’चा दोन दिवसांचा वर्ग आहे. नवजात शिशु कक्षातल्या परिचारिकांसाठी चार दिवसांचा वर्ग आणि मोठ्या रुग्णालयात दोन आठवडे प्रत्यक्ष काम. त्याहून पुढे भारतीय परिचर्या परिषदेची नवजात शुश्रूषेतली एक वर्षाची पदविका. माझ्या मते खरं शिक्षण त्या दोन आठवड्यांत होतं. पुतळ्यावर श्वास द्यायचा मास्क धरणं वेगळं. ओल्या, निसटत्या, निळसर बाळाच्या तोंडावर तो घट्ट बसवणं वेगळं.

बाळाची मोठ्या रुग्णालयात पाठवणी हीसुद्धा शिकायचीच गोष्ट. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. पण दुपट्यात गुंडाळलेलं बाळ वाटेत गार पडलं तर गाडीचा उपयोग काय? टोपी-मोजे घालून, श्वासाला धाप नसेल तर, आईच्या उघड्या छातीशी धरून न्यायचं. पाच देशांतल्या रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचंही एक, झालेल्या चाचणीत जन्मल्याबरोबर असं कातडीला कातडी लावून ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २०२१ चा. याला ना वीज लागते, ना निविदा.

खरी नासाडी होते ती बदल्यांत. शिकून आलेली सिस्टर पुरुषांच्या शस्त्रक्रिया विभागात जाते आणि तिच्या जागी आलेली पहिल्यापासून सुरुवात करते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूर, दौंड, करमाळ्याच्या परिचारिकांना दरवर्षी गाळप सुरू व्हायच्या आत तिथे दोन आठवडे बाळांजवळ उभं राहायला मिळावं, आणि परतल्यावर निदान तीन वर्षं त्यांना बाळांपासून हलवू नये. एवढं करायला नवी इमारत लागत नाही. बदलीच्या आदेशावर सही करणाऱ्याने यादीतलं नाव आणि त्या नावापुढचं शिक्षण एकदा वाचावं लागतं.