ब्लॅकबर्न रोव्हर्स: गिरण्यांच्या गावचा क्लब, पुण्याचे मालक

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या ब्लॅकबर्न गावात पुण्याचं नाव फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते प्रेमाने घेतलं जात नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपण ज्याला ‘वेंकीज’ म्हणतो त्या अंडी-कोंबडीच्या उद्योगाने, तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. शिवाय क्लबच्या डोक्यावरचं कर्जही अंगावर घेतलं. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय कंपनीच्या मालकीचा होण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याला त्या बातमीचा अभिमान वाटला. त्यानंतर त्या क्लबचं काय झालं, याची विचारपूस मात्र आपण फारशी केली नाही. ती करायची तर कापसापासून सुरुवात करावी लागते.

जेम्स हरग्रीव्ह्जने १७६० च्या दशकात स्पिनिंग जेनी हे सूत कातायचं यंत्र बनवलं, ते ब्लॅकबर्नला लागून असलेल्या एका खेड्यात. पुढच्या शतकात या खोऱ्यात यंत्रमागांच्या गिरण्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या. ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेल्या मालाचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं, आणि त्यातही धोतरं. आपल्या पणजोबांनी नेसलेलं ‘विलायती’ धोतर याच गावचं असण्याची शक्यता बरीच. स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीची झळ म्हणूनच इथवर पोहोचली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला आले, ते बहिष्कारामुळे काम गेलेल्या गिरणी कामगारांना भेटायला. कामगार बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या गांधीजींचं तिथलं छायाचित्र प्रसिद्ध आहे.

गिरण्यांनी या गावाला आणखी एक गोष्ट दिली: शनिवारची मोकळी दुपार. कायद्याने शनिवारी दुपारी दोनला काम थांबायचं आणि माणसं मैदानाकडे वळायची. रोव्हर्सची स्थापना ५ नोव्हेंबर १८७५ ची. स्थापन करणारे बऱ्या घरचे, चांगल्या शाळांत शिकलेले तरुण होते. कामगारांचा म्हणावा असा क्लब होता तो शेजारचा ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. १८८३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात या ऑलिम्पिकने ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, म्हणजे ओल्ड ईटोनियन्सचा, २-१ असा पराभव केला. उमरावांच्या मुलांकडून तो चषक गिरणीगावात आला आणि इंग्लिश फुटबॉलची सत्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकली. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा दिवस आहे. पण ऑलिम्पिककडे पैसा नव्हता. १८८९ मध्ये तो क्लब मोडला.

रोव्हर्सकडे पैसा होता आणि तो खर्च करायची तयारीही. फर्गस सूटर हा स्कॉटलंडचा पाथरवट डार्वेनकडून खेळायला आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. खेळण्याचे पैसे घेणं तेव्हा नियमाविरुद्ध होतं. ते पडद्याआड दिले जात. १८८५ मध्ये फुटबॉल संघटनेला व्यावसायिक खेळ मान्य करावा लागला, त्यामागे लँकेशरच्या क्लबांचा रेटा होता. रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा एफए कप जिंकला. १८९० मध्ये शेफील्ड वेन्सडेवर ६-१ अशी मात करताना विल्यम टाउनलीने अंतिम सामन्यातली पहिली हॅटट्रिक केली. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली, त्यांतही रोव्हर्स होतेच. १९९२ ची प्रीमियर लीग धरली तर दोन्ही लीगच्या संस्थापकांत असलेले क्लब तीनच: अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. पहिली दोन नावं बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूल या महानगरांची. तिसरं लाखभर वस्तीच्या गावाचं.

डार्वेन नदीच्या काठावरचं इवुड पार्क हे मैदान १८९० पासून त्यांचं घर आहे. निळा-पांढरा, उभा अर्धा-अर्धा सदरा तेव्हाचाच. बोधवाक्य लॅटिनमधलं, अर्थ ‘कौशल्याने आणि कष्टाने’. बॉब क्रॉम्प्टन या बचावपटूच्या कप्तानीखाली १९१२ आणि १९१४ मध्ये लीग जिंकली. मग महायुद्ध आलं. १९२८ मध्ये सहावा एफए कप मिळाला आणि १९३६ मध्ये रोव्हर्स प्रथमच खालच्या श्रेणीत घसरले.

पुढच्या पडझडीचं एक कारण फारसं बोललं जात नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी आठवड्याला २० पौंड. ती अन्यायाची होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे लंडनचा क्लब जेवढं देई तेवढंच ब्लॅकबर्नही देऊ शके. इंग्लंडचा कप्तान झालेला रॉनी क्लेटन आणि दोन विश्वचषक खेळलेला ब्रायन डग्लस हे दोघे म्हणूनच या छोट्या गावात राहिले, आणि १९६० मध्ये क्लब एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. मर्यादा उठली आणि पाच-सहा वर्षांत रोव्हर्स वरच्या श्रेणीतून बाहेर फेकले गेले. गिरण्याही एकेक करून बंद पडत होत्या. १९६६ नंतर पुन्हा वर यायला २६ वर्षं लागली. मधली काही वर्षं तर तिसऱ्या श्रेणीत गेली.

परत आणणारा माणूस गावचाच होता. १९२९ मध्ये ब्लॅकबर्नला जन्मलेल्या जॅक वॉकरने भावाच्या साथीने वडिलांच्या पत्र्याच्या धंद्याचा मोठा पोलाद व्यवसाय केला आणि १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला. लहानपणापासून ज्याचे सामने पाहिले तो क्लब त्याने १९९१ मध्ये पूर्णपणे हाती घेतला. लिव्हरपूलच्या मॅनेजरपदाचा राजीनामा देऊन घरी बसलेला केनी डॅलग्लिश त्याने ब्लॅकबर्नला आणला. १९९२ मध्ये संघ वर चढला. त्याच उन्हाळ्यात साउथॅम्प्टनच्या अ‍ॅलन शियररसाठी ब्रिटनमधली तोवरची सर्वाधिक किंमत मोजली, आणि १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी ५० लाख पौंड.

१४ मे १९९५. हंगामाचा शेवटचा दिवस, सामना लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर. ब्लॅकबर्न मँचेस्टर युनायटेडच्या दोन गुणांनी पुढे. शियररने पहिला गोल केला, त्या हंगामातला त्याचा ३४ वा. मग जॉन बार्न्सने बरोबरी साधली. तिकडे लंडनला युनायटेडनेही वेस्ट हॅमशी १-१ केली होती आणि आता त्यांचे हल्ल्यावर हल्ले चालले होते. एक गोल झाला असता तर विजेतेपद त्यांचं. अ‍ॅनफील्डवर अगदी शेवटी जेमी रेडनॅपने फ्री किकवर गोल करून ब्लॅकबर्नला हरवलं. एवढ्यात लंडनची बातमी आली: बरोबरीच. ८९ गुण विरुद्ध ८८. हरलेला संघ मैदानावर नाचू लागला, आणि त्यांच्यासोबत लिव्हरपूलचे प्रेक्षकही; कारण डॅलग्लिश त्यांचा लाडका होता आणि युनायटेड त्यांचा वैरी. ८१ वर्षांनी लीग ब्लॅकबर्नला आली होती.

हे विजेतेपद पैशाने विकत घेतलं, असं तेव्हा म्हटलं गेलं, आजही म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. पैसा होता, पण तो गावच्या कारखान्यातून आलेला होता आणि देणारा माणूस स्वतः इवुड पार्कवर येऊन बसत होता. त्याने मैदानाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या आणि ब्रॉकहॉलला सरावाची जागा व अकादमी उभी केली. आज क्लब तगून आहे तो या अकादमीवर. २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला मोठ्या रकमेला विकलेला अ‍ॅडम व्हॉर्टन हा याच गावचा आणि याच अकादमीतला.

यश मात्र अल्पायुषी ठरलं. १९९६ मध्ये शियरर दीड कोटी पौंडांच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला आणि १९९९ मध्ये क्लब पुन्हा खाली. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. पुढच्याच वर्षी संघ वर आला आणि २००२ मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कप जिंकला. वॉकरच्या पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांना मात्र हा भार कायमचा वाहायचा नव्हता. त्यांनी गिऱ्हाईक शोधलं, ते पुण्यात सापडलं.

वेंकीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांनी आपल्या देशात कुक्कुटपालनाला उद्योगाचं रूप दिलं. शेतकऱ्याला अंड्याचा भाव मिळावा म्हणून समन्वय समिती उभी केली. त्यांच्या पश्चात अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू व्यंकटेश व बालाजी राव या उद्योगाचे प्रमुख आहेत. धंद्यातली या घराण्याची जाण वादातीत आहे. फुटबॉलची नव्हती, आणि इथे पहिला घाव बसला. ताबा घेऊन महिनाही उलटला नव्हता तोच सॅम अ‍ॅलार्डाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं. संघ तेव्हा १३ वा होता, म्हणजे सुरक्षित. त्याच्या जागी स्टीव्ह कीन हा प्रशिक्षक आला, ज्याने स्वतंत्रपणे एकही संघ सांभाळला नव्हता. जुने, जाणते संचालक पाठोपाठ गेले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन बालेवाडीत पुणे एफसीशी खेळला. खेळाडू कोंबडीच्या जाहिरातीत झळकले. गावात मात्र दर सामन्याला निदर्शनं चालू होती.

७ मे २०१२ ला इवुड पार्कवर विगनकडून ०-१ असा पराभव झाला आणि रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या संध्याकाळी कोणीतरी क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. लोक हसले. ब्लॅकबर्नमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या हंगामात मॅनेजर म्हणून हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये शेवटचा सामना जिंकूनही गोलफरकाने क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगच्या कुठल्याही माजी विजेत्यावर तोवर ही वेळ आली नव्हती. मॅनेजर टोनी मोब्रेने वर्षभरात संघ परत आणला, आणि तेव्हापासून तो दुसऱ्या श्रेणीत आहे. २०२३ मध्ये प्ले-ऑफची संधी पुन्हा गोलफरकानेच हुकली.

मालकांची बाजूही मांडली पाहिजे. या घराण्याने क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आहे. तोटा वर्षानुवर्षं भरला. इंग्लंडमध्ये बरी आणि बोल्टन हे शेजारचेच क्लब मालकांनी वाऱ्यावर सोडल्यामुळे बुडाले किंवा बुडता बुडता वाचले, तसं इथे होऊ दिलं नाही. अलीकडे परकीय चलन कायद्याखालच्या चौकशीमुळे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. कात्री मग सगळीकडे चालली. २०२५ मध्ये महिला संघाने खर्च झेपत नाही म्हणून दुसऱ्या श्रेणीतली जागा स्वतःहून सोडली. त्याच सप्टेंबरात इप्सविचविरुद्ध १-० ने पुढे असताना मैदानात पाणी साचलं, ८० व्या मिनिटाला सामना थांबवावा लागला आणि पुढे तो पहिल्यापासून खेळवला गेला.

तरी गावाने क्लब टाकलेला नाही. मे २०२२ मध्ये ईदची नमाज इवुड पार्कच्या हिरवळीवर झाली. इंग्लंडमधल्या एखाद्या फुटबॉल क्लबने असं आमंत्रण देण्याची ती पहिलीच वेळ. गिरण्यांत रात्रपाळी करायला भरूच-सुरतेकडून आणि पाकिस्तानातून आलेल्या कामगारांची नातवंडं तिथे होती. एकेकाळी ज्यांच्यासाठी धोतरं विणली, त्यांच्याच मुलखातले लोक आता या गावचे आहेत. भारतीय मालक म्हणून राव घराण्याला इथे परकेपणा वाटण्याचं काही कारण नव्हतं.

म्हणून माझा आक्षेप पैशाबद्दल नाही, गैरहजेरीबद्दल आहे. वॉकरनेही चुका केल्या असतील, पण त्या त्याला सामन्यानंतर रस्त्यात ऐकवता येत होत्या. पुण्याचे मालक वर्षानुवर्षं इवुड पार्कवर क्वचितच दिसले आहेत आणि समर्थकांशी थेट बोलणं जवळपास नाहीच. १५० वर्षांच्या या संस्थेची मालकी कागदावर त्यांची असली, तरी तिच्या पडझडीचा हिशेब गावाला द्यावा लागतो. त्यांनी ब्लॅकबर्नला जावं, लोकांसमोर बसावं आणि क्लबचं पुढे काय करायचं ठरवलं आहे ते सांगावं. ते जमणार नसेल, तर ज्याला जमेल त्याच्या हाती क्लब सोपवावा.