शिकवा

उर्दूत ‘शिकवा’ म्हणजे तक्रार, गाऱ्हाणे. मराठीत त्याचा अर्थ भलताच निघतो आणि वर्गात दरवर्षी हशा पिकतो. रमजानमध्ये मात्र या शब्दाला कुणी विचारत नाही. जो तो सब्र सांगतो. महिना सब्रचाच आहे, खरे आहे. पण ज्यांचे लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते, त्या आईबापांच्या हातीही आपण हाच एक शब्द ठेवून मोकळे होतो, हे मला पटत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत असे दुखणे म्हटले की सिकलसेल आलाच. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत कळा उठतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, एवढे निमित्त पुरते. कळ ओसरली की मूल पुन्हा खेळू लागते, आणि तिथेच घात होतो. जखम नाही, प्लास्टर नाही. ‘काल तर धावत होता,’ असे लोक म्हणतात.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील म्हणाले होते, “सर, आजार दिला ते नशीब. पण पोरगी नाटक करते म्हणतात, ते सहन होत नाही.” कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मायकल सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकी हीच भावना मोजायला १२ विधानांची प्रश्नावली तयार केली. ती आधी जखमी रुग्णांसाठी होती. पुढे दुखणाईत मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठीही वापरली गेली. आपल्यावर अन्याय झाला असे ज्यांना फार वाटते, त्यांचे दुखणेही जड जाते, असे त्यातून दिसले. त्या वडिलांना हे प्रश्नावलीविनाच ठाऊक होते.

घरातला अन्याय आणखी वेगळा. दोष सुनेच्या माथी जातो. वास्तविक एक जनुक आईकडून, एक बापाकडून येते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. आणि हेच जनुक एकेरी असले तर गंभीर मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचवते. जंगलातले आपले कितीतरी पूर्वज त्याच्या जोरावर तगले. त्याची किंमत आज एखादे लेकरू मोजते. यात कुणाचे पाप शोधायचे?

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी कळा कमी होतात. पण त्या रोज घ्याव्या लागतात, रक्तही वरचेवर तपासावे लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. इतर दिवशी रोजी बुडते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, उद्दिष्ट २०४७ चे. ते हवेच. तरी आज कण्हणाऱ्या मुलाची आई विचारणारच, माझ्या पोराचे काय?

तिला गप्प करण्याआधी हजरत याकूब आठवावेत. पुत्रवियोगात रडून त्यांचे डोळे पांढरे पडले. घरच्यांनी टोकले, तेव्हा आपण आपले दुःख अल्लाहपुढे मांडतो, असे ते म्हणाले. कुरआनातल्या त्या जागी जो अरबी शब्द आहे, त्याच धातूतून ‘शिकवा’ आला. उत्तम सब्रचा दाखलाही त्यांचाच देतात.

आजाऱ्याला रोजाची सूट आहे. सिकलसेलच्या मुलाला तर भरपूर पाणी लागते, आणि त्याच्या मूत्रपिंडांना पाणी नीट धरून ठेवता येत नसल्याने लघवीलाही सारखे जावे लागते. शाळेत याला बहाणा समजतात. असरच्या सुमारास घसा कोरडा पडतो तेव्हा काय होते, हे या महिन्यात अनेकांना कळते आहे. शिक्षक मित्रहो, त्या मुलाची पाण्याची बाटली बाकावर राहू द्या आणि त्याने बोट वर केले की कारण न विचारता जाऊ द्या.