इंग्रजी शब्द आणि मुळशीची जमीन

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचा आपल्याकडे रूढ झालेला मार्ग म्हणजे यादी. वहीच्या पानाला मधोमध घडी घालावयाची, डावीकडे अवघड इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहावयाचा, आणि रोज दहा या हिशेबाने पाठांतर करावयाचे. स्पर्धा-परीक्षेचा विद्यार्थी हेच करतो, खात्याच्या परीक्षेला बसणारा कारकूनही हेच करतो. शिक्षकांनाही ते सोयीचे वाटते, कारण यादी तपासता येते. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी ही वही सुटलेली नाही. या पद्धतीत श्रम पुष्कळ आहेत. तिचा दोष एवढाच की, एका शब्दाला एकच अर्थ असतो अशी पक्की समजूत ती करून देते.

ही समजूत किती महाग पडू शकते, याचे उदाहरण शोधण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशीपलीकडे जाण्याचे कारण नाही. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण व्हावयाचे ठरले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. बापट स्वतः डेक्कन कॉलेजचे पदवीधर, एडिंबरोला राहून आलेले. इंग्रजी त्यांना परके नव्हते. परंतु ज्यांची भातखाचरे जावयाची होती त्यांच्यापुढे उभा होता १८९४ चा भूसंपादन कायदा, आणि तो होता इंग्रजीत.

त्या कायद्यातील एक साधा शब्द घ्यावा : ‘इंटरेस्ट’. शाळकरी मुलाला तो ‘आवड’ म्हणून ठाऊक असतो आणि बँकेतील कारकुनाला ‘व्याज’ म्हणून. कायद्यात मात्र त्याचा अर्थ आहे ‘हितसंबंध’, आणि भरपाईवर हक्क सांगणारा तो ‘हितसंबंधी व्यक्ती’. मुळशीत हे सारे अर्थ एकाच शेताच्या बांधावर भेटले. जमीन कसत होता मावळा, कागदावर ती बहुतांशी पुण्याच्या सावकाराकडे होती, आणि ती त्याच्याकडे गेली होती ती व्याजापोटीच. भरपाई पदरात पाडून घेण्याकडे सावकारांचा कल झाला, कुळांचा जमीन न सोडण्याकडे. लढ्यात फूट पडली ती येथे. यादीतल्या एका ओळीत हे मावणार नाही.

‘अवॉर्ड’ची गोष्टही तशीच. विद्यार्थ्याला तो पारितोषिक म्हणून पाठ असतो. भूसंपादनात कलेक्टर जमिनीची किंमत ठरवून जो निवाडा देतो, त्यालाही ‘अवॉर्ड’च म्हणतात. घर बुडणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदाला हे नाव, हा योगायोग काहीसा क्रूरच म्हटला पाहिजे. आणि ‘अ‍ॅक्वायर’ म्हणजे मिळविणे, संपादन करणे. विद्या संपादन करावी तशीच जमीनही. फरक इतकाच की विद्या घेतल्याने गुरूची कमी होत नाही. याच कुळातला ‘अ‍ॅक्विझिटिव्ह’ म्हणजे हव्यासी, हे मात्र आपल्या याद्यांत क्वचितच शेजारी लिहिलेले असते.

तेव्हा शब्द एकटा न शिकता कुळासकट शिकावा. ‘सबमर्ज’ म्हणजे पाण्याखाली जाणे, ‘इमर्ज’ म्हणजे वर येणे, ‘मर्ज’ म्हणजे विलीन होणे. तिन्हींच्या मुळाशी ‘बुडविणे’ या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. ‘इमर्जन्सी’, जिला मराठीने १९७५ साली ‘आणीबाणी’ म्हणून ओळखले, तीही त्याच कुळातली : अचानक वर उसळून आलेली. उपसर्ग लागून धातूचा अर्थ कसा बदलतो हे आहार, विहार, संहार, प्रहार शिकलेल्या मराठी मुलाला नव्याने सांगावे लागत नाही. त्याला फक्त त्याची आठवण करून द्यावयाची असते, आणि नेमके तेच वर्गात होत नाही.

परका शब्द परकाच राहतो असेही नाही. ‘जान किंवा जमीन’ ही मुळशीच्या सत्याग्रहींची घोषणा. यातील ‘जान’ फारसी आणि ‘जमीन’ही फारसीच. मावळातील कोणत्याही निरक्षर शेतकऱ्याला त्यांचा अर्थ वहीत लिहून घ्यावा लागला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते शब्द वापरात होते, सारा भरताना, भांडताना, शपथ घेताना. १९२१ च्या इंग्रजी शब्दांना असा वापर लाभला नव्हता. ते वरून, नोटिशीवाटे आले.

आता त्याच तालुक्यात हिंजवडीची संगणक-नगरी उभी आहे आणि तेथे नोकरीसाठी इंग्रजी हवे, म्हणून याद्या अधिक लांब झाल्या आहेत. ‘रिहॅबिलिटेशन’ हा शब्द त्यांत हमखास असतो, पुढे ‘पुनर्वसन’. मराठी शब्दात ‘वसणे’ आहे, घर आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र ‘समर्थ’ या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. माणसाला पुन्हा समर्थ करणे, असा त्याचा रोख. घर बांधून दिले म्हणजे काम संपले की नाही, हा वाद या दोन शब्दांच्या अंतरातच दडलेला आहे. १८९४ च्या कायद्यात त्याची तरतूदच नव्हती. २०१३ च्या कायद्याच्या नावातच तो शब्द आला.

‘सोलेशियम’ हा आणखी एक. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सांत्वन. भूसंपादनात मात्र सक्तीने जमीन घेतल्याबद्दल किमतीवर द्यावयाची जादा रक्कम. शासकीय मराठीने तिला ‘दिलासा रक्कम’ म्हटले, आणि ‘दिलासा’तला ‘दिल’ पुन्हा फारसीच. मुळशीच्या वेळी हा दिलासा बाजारभावावर शेकडा १५ होता. १९८४ च्या दुरुस्तीने तो ३० झाला आणि २०१३ च्या कायद्याने १००.