जॉन डनची प्रार्थना

जॉन डन हा इंग्रज कवी १५७२ साली एका कॅथलिक घरात जन्मला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक असणे म्हणजे जिवाशीच गाठ. त्याचा मामा जेझुइट संघाचा पाद्री होता. धाकट्या भावाने, हेन्रीने, एका कॅथलिक पाद्र्याला आसरा दिला म्हणून त्याला तुरुंगात टाकले, आणि १५९३ साली तो तिथेच वारला. डन मात्र पुढे राजमान्य पंथात गेला, १६१५ साली त्याच पंथाचा पाद्री झाला. मग भाऊ ज्यासाठी गेला, ते सारे याने टाकूनच दिले की काय?

येल विद्यापीठातील प्राध्यापक लुई मार्ट्झ यांच्या १९५४ सालच्या ग्रंथातून याचे एक उत्तर निघते. जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी ध्यानाची एक रीत घालून दिली होती. आधी प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा. जागा कोणती, माणसे कोण. मग बुद्धीला विचारायचे, यात माझे काय? आणि शेवटी मन वळवून देवाशी थेट बोलायचे. स्मरण, बुद्धी आणि इच्छा या आत्म्याच्या तीन शक्ती; हा विचार थेट सेंट ऑगस्टीनपासूनचा. (याच संघाचा एक इंग्रज, थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आला. मराठी ओव्यांतले ‘क्रिस्तपुराण’ त्याचेच.)

आता डनचे एक सुनीत बघा. पहिल्या आठ ओळींत कयामतीचा दिवस: देवदूत कर्णे फुंकताहेत, युगानुयुगांचे मेलेले उठताहेत. नवव्या ओळीला कवी एकदम थबकतो. त्यांना जरा निजू दे, म्हणतो. माझीच पापे जास्त असतील तर तिथे पोचल्यावर क्षमा मागायला वेळ कुठला? आणि मग हळू आवाजात देवालाच विनवतो, पश्चात्ताप कसा करावा ते इथेच शिकव. चित्र, विचार, विनवणी. पंथ सुटला, पण प्रार्थनेची घडण सुटली नाही, असे मार्ट्झ वाचून वाटते. शिक्षकांनी वर्गात हे सुनीत या तीन पायऱ्यांनी वाचून दाखवावे. अर्थ सांगायचे निम्मे काम आपोआप होते.

१९७९ साली बार्बरा लेवाल्स्की या विदुषींनी याला हरकत घेतली. प्रॉटेस्टंटांची स्वतःची बायबल-वाचनाची, आत्मपरीक्षणाची परंपरा होती, डन तिच्यातला, असे त्यांचे म्हणणे. मला वाटते, घडणीपुरते मार्ट्झ खरे. पण डनच्या भीतीपाशी आलो की लेवाल्स्कींचे ऐकावे लागते. दुसऱ्या एका सुनीतात तो स्वतःच्या जिवाला सांगतो, पश्चात्ताप केलास तर कृपा होईलच. आणि लगेच विचारतो, पण ती सुरुवात करण्यापुरती कृपा तुला देणार कोण?